पाय तासलेला धिरा

एकदा एका माणसाने डोंगराला अडवायचे ठरवले. तो मूर्ख नव्हता, गर्विष्ठही म्हणता येणार नाही. त्याचे आपल्या थोरल्या भावावर फार प्रेम होते आणि त्या प्रेमापोटीच त्याने हा उद्योग आरंभला. माणसे आपल्या मोठ्या चुका बहुधा अशाच चांगल्या कारणांसाठी करतात, म्हणून ही हकीकत सांगतो.

त्या डोंगराच्या पोटात सोने होते. सोन्याची शीर बारीक, तिरपी, खाली खाली उतरत गेलेली. तिच्यामागे माणसेही पिढ्यान् पिढ्या खाली उतरत गेली. शेवटी ती इतक्या खोल पोहोचली, की वर कडाक्याची थंडी असतानाही तळाच्या बोगद्यात दगड हाताला कोमट लागे आणि कामकरी उघड्या अंगाने काम करीत. एवढ्या खोलवर दगड स्वस्थ नसतो. वरचा सारा डोंगर त्याला दाबून असतो. त्यात पोकळी केली, की छत, जमीन आणि भिंती त्या पोकळीकडे सरकू लागतात. डोळ्यांना दिसणार नाही इतके हळू, पण सरकतात.

या बोगद्याचे छत सांभाळण्याचे काम एका वृद्ध गृहस्थांकडे होते. त्यांना सगळे आबा म्हणत. छताखाली जे लाकडी टेकू उभे करीत त्यांना तिथे धिरे म्हणत. ते कुठे लावायचे, किती अंतरावर आणि कोणत्या झाडाचे, हे आबा ठरवीत. हातात लोखंडी पहार घेऊन ते छत ठोकत चालायचे. खणखणीत आवाज आला की पुढे जायचे. बद्द आवाज आला की थांबायचे, कारण तेथे वरचा थर सुटलेला असे. बोलणे फार कमी. त्यांच्याकडून एखादी गोष्ट काढून घ्यायची तर दोनदा विचारावे लागे, आणि पुष्कळांची सहनशक्ती पहिल्या खेपेलाच संपे.

आबांचा एक शिष्य होता. तरुण, बुद्धीने तल्लख, हिशेबाला पक्का, हातानेही कुशल. तो लहान असताना त्याचे वडील याच खाणीत, वरच्या एका जुन्या बोगद्यात, छताची शिळा कोसळून गेले. पुढे थोरला भाऊ हैबती याने त्याला वाढवले. हा हैबती आता तळाच्या बोगद्यात शिरेचा दगड फोडीत असे. रोज सकाळी तो खाली उतरे, आणि संध्याकाळी वर येईपर्यंत शिष्याच्या घशाखाली घास नीट उतरत नसे. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. आबांना मात्र ते ठाऊक होते, कारण न्याहारीला दोघे एकत्र बसत.

तळाच्या बोगद्यात एक रिवाज होता. त्याला ‘कान देणे’ म्हणत. काम सुरू करण्याआधी, आणि मग मध्ये मध्ये, कोणीतरी हात वर करी. लगेच सगळे हातोडे थांबत. माणसे श्वास रोखून धिऱ्यांकडे कान देत. दबलेले लाकूड करकरत असे. करकर नेहमीची असली तर वर गेलेला हात खाली येई आणि काम पुढे चाले. वेगळी वाटली तर हत्यारे जागच्या जागी टाकून सगळे बाहेर. भित्रेपणा म्हणून त्याला कोणी हसत नसे, कारण हसणारेही त्याच छताखाली असत.

खाण ज्या व्यापाऱ्याच्या ताब्यात होती, तो शेठ एकदा हा बोगदा पाहायला उतरला. त्याच्यासमोरच कोणीतरी हात वर केला, हातोडे थांबले आणि काळोखातून ती करकर ऐकू आली. शेठचा चेहरा पांढराफटक पडला. वर येऊन पाणी प्यायल्यावर, मागोमाग वर आलेल्या सगळ्यांसमोर तो म्हणाला,

“आबा, खाली लाकडं रडताहेत!”

“रडत नाहीत शेठ. सांगतात.”

“काय सांगतात?”

“डोंगर किती सरकला ते.”

शेठला हे उत्तर मुळीच रुचले नाही. तो दुष्ट माणूस नव्हता. सोने हवे होते, आणि ते शांतपणे निघावे, एवढीच त्याची इच्छा होती. त्याने आजूबाजूला पाहिले. तेव्हा इतके दिवस मनात घोळवलेली गोष्ट शिष्याने सगळ्यांसमोर बोलून टाकली.

“शेठ, लाकूड दबतं म्हणून करकरतं. न दबणारा आधार द्या, आवाज आपोआप बंद. काळ्या दगडाचे घडीव खांब उभे करू. वर लोखंडाच्या पाचरी ठोकू, पिंपळाचं पान सरकणार नाही इतक्या घट्ट. छत केसभरही खाली येणार नाही.”

“येईल,” आबा म्हणाले.

“तुमच्या धिऱ्यांवर येतं आबा, माझ्या खांबांवर नाही येणार!” शिष्याचा आवाज चढला. “जन्मभर तुम्ही डोंगराची मनधरणी केलीत. तुम्ही त्याला भिता. मला त्याला अडवायचा आहे.”

गुरूला असे बोलणे तेथे कोणी ऐकले नव्हते. माणसे जमिनीकडे पाहू लागली. हैबतीने भावाची बाही ओढली. आबा मात्र शिष्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. शेठ काय ठरवणार हे तर दिसतच होते. मग आबा शांतपणे म्हणाले,

“बरं. उभे कर खांब. पण दर खांबाशेजारी एक लाकडी धिरा राहील, आणि त्याचा पाय मी सांगेन तसा तू स्वतः तासायचा. एवढं कबूल असेल तर माझी ना नाही.”

शेठला खांब मिळत होते. लाकूड तर आवारात पडूनच होते. त्याने मान हलवली आणि विषय तेथे मिटला.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी जे आरंभले त्याने मात्र साऱ्यांना कोड्यात टाकले. त्यांनी लाकडाच्या ढिगातून उत्तमोत्तम ओंडके निवडले. सरळ, बिनगाठीचे, हाताच्या कवेत मावणार नाहीत असे. आणि शिष्याच्या हातात लाकूड तासायचा वाकस देऊन ते म्हणाले, “याचा पाय तास. खाली निमुळता होऊ दे.”

चांगला भक्कम धिरा, आणि त्याचा पायच बारीक करायचा! शिष्याने थोडे तासले. आबा म्हणाले, “अजून थोडा.” त्याने आणखी तासले. “अजून थोडा.” शेवटी ओंडक्याचा पाय दावणीच्या खुंट्यासारखा निमुळता झाला, तेव्हा कुठे त्यांचे समाधान झाले. पुढच्या ओंडक्याला पुन्हा तेच.

“आबा, ज्याच्यावर भार घालायचा त्यालाच अधू करायचं, हे कुठलं शास्त्र?”

आबा काही बोलले नाहीत. शिष्याने दुसऱ्यांदा विचारले नाही. राग आलेला माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही.

बोगद्यात खांब उभे राहिले. चकचकीत, एका रेषेत, पाहणाऱ्याला अभिमान वाटावा असे. प्रत्येकाच्या शेजारी आबांचा धिरा आपल्या बारीक पायावर उभा होता. हैबतीने दोन्हींकडे पाहिले आणि भावाची थट्टा केली, “तुझं काम देवळाचं बाबा, आणि आबांचं गोठ्याचं.” सगळे हसले. आबाही हसले. मग त्यांनी खिशातून खुंट्या काढल्या आणि प्रत्येक धिऱ्याला खांद्याच्या उंचीवर एकेक ठोकून दिली. कशासाठी, ते कोणी विचारले नाही. पण दुपारी सगळ्यांच्या शिदोऱ्या आणि पागोटी त्यांवर टांगलेली दिसली, कारण दगडाच्या खांबाला काहीच अडकवता येत नव्हते.

बोगदा आता गप्प झाला. भार सगळा खांबांवर होता, आणि खांब बोलत नव्हते. माणसे खूश होती, शेठ त्याहून खूश. हात वर करणे हळूहळू कमी झाले, मग थांबले. ऐकायला काही नसेल तर माणूस किती दिवस कान देणार? शिष्य रोज सकाळी एकेक पाचर ठोकून पाही आणि भावाला सांगे, “काही होणार नाही दादा.” हे वाक्य त्याला इतके आवडले होते, की तो ते दिवसातून अनेकदा म्हणे.

आबा मात्र अस्वस्थ होते. ते पहार घेऊन खांबांच्या माथ्याशी छत ठोकीत. जेथे पूर्वी खणखणीत आवाज येई तेथे आता बद्द येऊ लागला होता. खांब टणक आणि छतही टणक. जेथे दोघे भिडले होते तेथून दगडात बारीक चिरा फुटून लांबवर गेल्या होत्या. त्यांनी त्या शिष्याला दाखवल्या. तो म्हणाला, “चिरा छतात आहेत आबा. खांबांवर एक रेघ नाही.” हे खरेच होते.

मग टोपल्या वाहणाऱ्यांची तक्रार आली, की इतक्या गर्दीतून वाट काढणे जड जाते. शिष्याने ताबडतोब धिरे काढून टाकायला सांगितले. त्यावर कामकऱ्यांनी विचारले, “मग शिदोऱ्या टांगायच्या कुठं? तुमच्या देवळाच्या खांबांना?” आज काढू, उद्या काढू, असे होत होत ते काम राहिले ते राहिलेच. आबांच्या खुंट्या कामी आल्या होत्या.

आणि एका सकाळी, हातोडे नुकते सुरू झाले असताना, हैबतीचा हात आपोआप वर गेला.

सगळे थबकले. शिष्यही तेथेच होता, पाचरी पाहत. सुरुवातीला काहीच ऐकू आले नाही. मग एका धिऱ्याचा बारीक पाय करकरला. मग त्याच्या पुढचा, मग पलीकडचा. ही नेहमीची करकर नव्हती.

“चला बाहेर,” हैबती म्हणाला.

“दादा, थांब. खांब बघ ना! एक रेघ तरी आहे का कुठं?”

“बघतोय की तुझा खांब,” हैबती म्हणाला. “पण ऐकतोय आबांचं लाकूड. चल म्हणतो ना!”

माणसे हत्यारे टाकून निघाली. हैबती सर्वांत आत होता, म्हणून सर्वांत मागे राहिला, आणि शिष्य त्याच्याबरोबर. पुढची माणसे बोगद्याच्या तोंडाशी पोहोचतात न पोहोचतात तोच मागे पहिला खांब फुटला. तो वाकला नाही, खचला नाही, एकही इशारा न देता सुरुंग उडावा तसा फुटला. त्याचा भार दुसऱ्यावर गेला, तो फुटला. मग तिसरा. दगडाच्या धारदार कपऱ्या सुसाट उडाल्या, दिवा विझला, आणि हैबतीच्या पोटरीत एक कपरी घुसून तो खाली पडला.

छत आले. शिष्याने ते अंधारात अंगावर येताना ओळखले, जसे कोणीतरी फार जवळ येऊन उभे राहिल्याचे कळते तसे. त्याने भावाला मिठी मारली आणि डोळे मिटून घेतले. त्या क्षणी त्याच्या मनात वडील होते.

चहूकडून लाकूड किंचाळत होते. मग ते किंचाळणे कमी कमी होत गेले आणि थांबले. शिष्याने हात वर केला. छत हाताला लागले, जेथे असायला हवे त्याहून वीतभर खाली. पण ते तेथे थांबले होते. त्याने चाचपडत पुढे हात घातला. एक धिरा उभा होता. त्याच्या पलीकडे आणखी एक. धिऱ्यावरून धिऱ्यावर हात ठेवत, कपऱ्यांच्या ढिगांवरून रांगत, भावाला काखेत धरून ओढत तो बाहेर आला. आत कोणीही राहिले नव्हते.

हैबतीची जखम खोल होती, पण हाड शाबूत होते. त्याच्या बायकोने हळद दाबून पट्टी बांधली आणि दिराकडे पाठ फिरवली. ते शिष्याला फार लागले.

डोंगर निवल्यावर आबा शिष्याला घेऊन पुन्हा खाली गेले. बोगद्याच्या तोंडापाशी दिवा उंच धरून ते उभे राहिले. दगडी खांबांच्या जागी नुसते खडीचे ढीग होते. धिरे सगळे उभे होते, फक्त प्रत्येक धिरा आखूड झाला होता. त्यांचे निमुळते पाय चावलेल्या दातवणासारखे फुलून, पसरून जमिनीवर टेकले होते. एका खुंटीवर कोणाची तरी शिदोरी अजून तशीच लोंबत होती.

शिष्य खाली बसला. “मला दादाच्या डोक्यावर दगड येऊ द्यायचा नव्हता,” एवढेच तो म्हणाला.

“ठाऊक आहे,” आबा म्हणाले, आणि त्याच्या शेजारी बसले. त्या दिवशी मात्र त्यांनी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहिली नाही.

“डोंगर कोणाला मारायला येत नाही रे. आपण त्याच्या पोटात पोकळी केली, ती मिटवायला तो येतो. ते तुला थांबवता येणार नाही, मलाही नाही. आणि एवढं ओझं आपण पेलावं असं कोणी सांगितलंय? डोंगराचं ओझं डोंगरच पेलतो, पोकळीच्या दोन्ही अंगांना जो अखंड दगड आहे ना, तो. आपल्या वाट्याला येतो फक्त छताचा तडकलेला थर. तो सुटून माणसाच्या अंगावर पडू नये, एवढंच आधाराचं काम. तुझा खांब जागचा हटेना, म्हणून जे त्याचं नव्हतं तेही सारं त्याच्यावर येऊन बसलं. सोसवलं तोवर तो गप्प राहिला. सोसवेना तेव्हा एकदम फुटला, आणि ज्याला सांभाळायचं त्याच्याच पायात घुसला. धिऱ्यानं डोंगराला वीतभर वाट दिली. पण वाट देताना भार सोडला नाही.”

“मग साधा ओंडका का नाही चालत? पाय कशाला तासायचा?”

“आजवर तेच लावले, दबले की बदलत आलो. साधा ओंडकाही शेवटी हरतोच. पण तो कुठे हरेल ते त्याचं त्यालाही माहीत नसतं. मध्येच दुभंगतो, आणि मग काहीच उरत नाही. पाय तासला, की कुठे हरायचं ते आपण आधीच ठरवून देतो. तेवढी जागा हरते. बाकीचा उभा राहतो.”

शिष्याने एका फुललेल्या पायावरून हात फिरवला. मग त्याने विचारले, “तुम्हाला सगळं माहीत होतं. मग मला खांब लावू का दिलेत? दादाचा पाय गेला असता, आबा.”

“गेला असता. त्या पोटरीतली कपरी माझ्याही वाट्याची आहे, ती मी नाकारत नाही.” आबांनी हातातला दिवा खाली ठेवला. “मी नाही म्हटलं असतं, तर शेठनं तुझंच ऐकलं असतं, आणि मग बोगद्यात नुसतेच खांब राहिले असते. आणि दुसरं असं की, तू त्या दिवशी फार जोरात येत होतास.”

शिष्याला तो दिवस आठवला. सगळ्यांसमोर आपण काय बोललो ते आठवले. ‘तुम्ही भिता’ हे ऐकून घेऊन आबा जराही चिडले नव्हते. थोडे मागे सरले होते, आणि तेथेच, शेजारी, उभे राहिले होते. त्याला रडू आवरले नाही. आबांनी त्याची समजूत घातली नाही. ते उठून पहारीने छत ठोकू लागले, आणि थोड्या वेळाने शिष्यही डोळे पुसून दिवा धरायला उठला.

हैबतीची जखम भरली आणि तो पुन्हा खाली जाऊ लागला. जाण्याच्या पहिल्या सकाळी शिष्य खाणीच्या तोंडाशी उभा होता. आवारात कित्येक दिवस घालवून त्याने स्वतः तासलेले नवे धिरे तळाशी पोहोचले होते, खुंट्यांसकट. भाऊ शिदोरी घेऊन जवळ आला. शिष्याच्या ओठांवर जुने वाक्य आले होते. ते त्याने गिळले.

“दादा,” तो म्हणाला, “कान देत राहा.”

हैबतीने मान डोलावली आणि तो उतरला. शिष्य आबांशेजारी न्याहारीला बसला. भीती होतीच, ती कुठे गेली नव्हती. पण त्या दिवशी तिच्यासकट घास खाली उतरला.